सरकार, कॉलेज आणि कामावरची सुरक्षा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कामावरच्या सुरक्षेचं प्रशिक्षण देण्यासाठी सरकार, कॉलेजं आणि कारखाने आपसांत करार करतात. कॉलेजच्या बाजूने असे करार करण्यात आणि निभावण्यात माझी बरीच वर्षं गेली. प्राचार्य, वर्कशॉपचे निदेशक, छोटे कारखानदार आणि नोकरी शोधणारी मुलं तेच ते प्रश्न पाठवत असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो आहे. ज्याची गाठ दुसऱ्या उत्तरात सुटते तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरणं बरीचशी अमेरिकेची आहेत, कारण तिथे या भागीदाऱ्यांचे नियम सविस्तर लिहिलेले सापडतात. भारत आणि ब्रिटनचे नियम गरज पडेल तिथे येतील.

१. सरकार आणि कॉलेजची भागीदारी म्हणजे नेमकं काय? त्यात पैसे मिळतात का?

'भागीदारी' हा एकच शब्द चार-पाच निरनिराळ्या गोष्टींना लावला जातो आणि निम्मे गैरसमज तिथूनच सुरू होतात.

एक प्रकार मान्यताप्राप्त केंद्राचा. कामगारांच्या सुरक्षेसाठी अमेरिकेत 'ओशा' ही केंद्रीय यंत्रणा आहे, १९७० च्या कायद्याने स्थापन झालेली. १९९२ पासून ती काही कॉलेजं, विद्यापीठं आणि ना-नफा संस्थांना आपले कोर्स शिकवण्याची मान्यता देते. या केंद्रांना ओशाकडून पैसा मिळत नाही, ती फीवर चालतात. दुसरा प्रकार अनुदानाचा. ओशाचं 'सुझन हारवुड' अनुदान ना-नफा संस्थांना मिळतं, त्यात कॉलेजंही आली. अट अशी की त्या पैशातून दिलेलं प्रशिक्षण कामगारांना मोफत असलं पाहिजे. तिसरा प्रकार 'अलायन्स', २००२ मध्ये सुरू झालेला. यात पैशाची देवाणघेवाण नाही, माहितीपत्रकं, कार्यशाळा, प्रशिक्षण अशी कामं मिळून करायची. चौथ्या प्रकारात सरकारची सल्ला-सेवाच विद्यापीठ चालवतं (प्रश्न ११). पाचवा प्रकार भारतातल्या लोकांना जास्त ओळखीचा: कॉलेज शिकवतं, परीक्षा मंडळ पदविका देतं आणि राज्य सरकार ती पदविका ठरावीक पदासाठी ग्राह्य धरतं.

तेव्हा कोणी "आमचं सरकारशी टायअप आहे" म्हणालं, तर यातलं कुठलं ते आधी विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला की समजून जा.

२. सरकारला कॉलेजची गरज काय? निरीक्षक आहेत की!

निरीक्षक दारात आला की कारखान्यातली तोंडं मिटतात. वर्गात तसं होत नाही. तिथे कामगार आपणहून सांगतो, "सर, गार्ड (यंत्राचं संरक्षक झाकण) लावला की जॉब (घडवायचा तुकडा) दिसत नाही, म्हणून आम्ही काढूनच ठेवतो." दंड करायला आलेल्या माणसाला हे वाक्य कधी ऐकायला मिळत नाही.

दुसरं कारण नवखेपणाचं. टोरांटोच्या 'इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ' या संस्थेच्या अभ्यासांत असं दिसलं की एकाच जागी वर्षभराहून जास्त मुरलेल्या कामगाराच्या तुलनेत पहिल्या महिन्यातल्या कामगाराला दुखापतीचा धोका तिपटीहून अधिक असतो. तो पहिला महिना उजाडायच्या आधी हा मुलगा बहुधा कुठल्या तरी कॉलेजात बसलेला असतो. शिवाय आज पदविकेला असलेली मुलगी पाच वर्षांनी सुपरवायझर होते आणि सेन्सर बंद पडलेलं यंत्र चालू ठेवायचं की थांबवायचं, हे तिलाच ठरवावं लागतं.

कल्पना नवी नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या करारात (क्रमांक १५५) कामावरच्या सुरक्षेचा विषय शिक्षणाच्या सगळ्या पातळ्यांवर आणावा असं एक स्वतंत्र कलमच आहे, आणि त्यात उच्च तांत्रिक व वैद्यकीय शिक्षणाचा नावानिशी उल्लेख आहे.

३. कॉलेजशी किंवा सरकारशी करार केला की तपासणीतून सूट मिळते का?

नाही. अलायन्समध्ये सूट, सवलत, झुकतं माप यातलं काहीही बसत नाही. ज्या योजनेमुळे हा समज पसरतो ती वेगळी आहे. १९८२ पासून चालणाऱ्या ओशाच्या 'व्हीपीपी' योजनेत, कडक मूल्यमापनातून गेलेल्या कारखान्यांना नियोजित तपासण्यांच्या यादीतून वगळतात. पण तिथेही तक्रार आली, मोठा अपघात किंवा मृत्यू झाला की निरीक्षक येतोच.

४. आमच्या कामगारांनी कॉलेजात कोर्स केला आहे. आता अपघात झाला तर जबाबदारी कॉलेजची ना?

हा प्रश्न कारखानदार विचारतात, आणि 'हो' ऐकायच्या तयारीनेच विचारतात. उत्तर 'नाही' आहे.

फोर्कलिफ्टचं उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या नियमात प्रशिक्षणाचे तीन तुकडे आहेत: वर्गातला भाग, हातात गाडी देऊन सराव, आणि प्रत्यक्ष कामाच्या जागी चालकाची पारख. पहिला तुकडा कॉलेज उत्तम करेल. दुसराही करेल, गाडी असेल तर. तिसरा मात्र तुमच्याच आवारात व्हायला हवा. तुमच्या गोदामातला उतार, रॅकमधलं अंतर, ट्रक लागतो तिथली तुटकी कड या गोष्टी कॉलेजच्या सपाट मैदानावर नसतात. चालक तयार आहे असं लिहून सही करणं मालकाचं काम. ही पारख किमान दर तीन वर्षांनी पुन्हा करावी लागते, आणि मध्येच अपघात झाला, थोडक्यात वाचला किंवा गाडीचा प्रकार बदलला तर पुन्हा शिकवावंही लागतं.

हेच बंदिस्त टाकीत उतरण्याला, कुलूप-टॅग लावून यंत्र बंद करण्याला आणि रसायनं हाताळण्याला लागू आहे. तत्त्व कॉलेजात शिकता येतं. *तुमच्या* यंत्राचे वीज, हवा आणि हायड्रॉलिकचे मिळून किती पुरवठे बंद करावे लागतात, हे तुमच्याच कारखान्यात शिकावं लागतं.

५. ओशाचं ३० तासांचं कार्ड म्हणजे लायसन्स का? त्यावर परदेशात सेफ्टी ऑफिसर होता येतं का?

हे कार्ड लायसन्स नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो म्हणून थोडं सविस्तर.

१० आणि ३० तासांचे हे वर्ग ओशाच्या 'आउटरीच' कार्यक्रमातले. साधारणपणे १० तासांचा कामगारांसाठी आणि ३० तासांचा सुपरवायझर किंवा सुरक्षेची जबाबदारी असलेल्यांसाठी. धोके ओळखता यावेत आणि आपले हक्क कळावेत एवढाच त्यांचा हेतू. ओशा स्वतः याला प्रमाणपत्र मानत नाही, आणि निरनिराळ्या नियमांत सांगितलेलं ठरावीक प्रशिक्षण या कार्डाने पूर्ण होत नाही. केंद्रीय पातळीवर कार्ड ऐच्छिक आहे. काही राज्यं बांधकामाच्या ठरावीक कामांसाठी ते मागतात, ती गोष्ट वेगळी.

आता फसवणुकीबद्दल. वर्गात एका दिवशी जास्तीत जास्त साडेसात तास शिकवता येतं, त्यामुळे १० तासांच्या वर्गाला किमान दोन दिवस लागतात आणि ३० तासांच्या वर्गाला किमान चार. 'रविवारी एका दिवसात ओशा ३०' अशी जाहिरात दिसली तर पाकीट खिशातच राहू द्या. ऑनलाइन वर्गही ओशाने मान्यता दिलेल्या मोजक्या संस्थांनाच घेता येतात.

नोकरीचं म्हणाल तर कंपनी कार्ड बघून मुलाखतीला बोलावेलही. पण ज्या देशात काम करायचं तिथे पात्रता त्या देशाचा कायदा ठरवतो, अमेरिकेचा नव्हे.

६. भारतात अशी भागीदारी आहे का?

आहे, फक्त तिला 'भागीदारी' कोणी म्हणत नाही.

भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली. तिच्यातल्या १११-अ या कलमाने कामगाराला सुरक्षेची माहिती मागण्याचा हक्क दिला. त्याबरोबर हेही सांगितलं की शक्य असेल तिथे प्रशिक्षण कारखान्यातच मिळावं, नाहीतर मुख्य निरीक्षकाने मान्य केलेल्या प्रशिक्षण संस्थेत मालकाने कामगाराला पुरस्कृत करून पाठवावं. सरकारची मान्यता, संस्थेचा वर्ग आणि मालकाचा खर्च अशा तिन्ही बाजू त्या एका वाक्यात होत्या. इतकी वर्षं हे कलम पुस्तकात असून किती कामगारांना ते ठाऊक होतं, हा प्रश्न मी वर्गात नेहमी विचारतो. हात वर येत नाहीत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीविषयीची २०२० ची संहिता लागू झाली आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमाची जागा तिने घेतली. माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख पुरवणं हे मालकाचं कर्तव्य संहितेतही आहे. सेफ्टी ऑफिसर नेमण्याची मर्यादा बरीच खाली आली: जुन्या कायद्यात साधारणतः १,००० कामगार, आता कारखान्यात ५०० आणि धोकादायक प्रक्रिया असेल तर २५०. म्हणजे प्रशिक्षित माणसांची मागणी वाढणार आणि कॉलेजांकडे प्रस्तावही जास्त येणार.

संस्थांमध्ये केंद्र सरकारच्या बाजूने मुंबईत शीव इथली केंद्रीय श्रम संस्था, आणि कोलकाता, चेन्नई, कानपूर, फरिदाबाद, शिलाँग इथल्या प्रादेशिक संस्था. १९६६ साली ४ मार्चला स्थापन झालेली राष्ट्रीय सुरक्षा परिषद यांच्याहून वेगळी, स्वायत्त संस्था आहे. तिच्याच स्थापनेच्या तारखेला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो.

७. मला सेफ्टी ऑफिसर व्हायचंय. सहा आठवड्यांचा कोर्स पुरेल का?

भारतात वैधानिक पदासाठी पुरणार नाही. राज्यांच्या नियमांमध्ये सहसा तीन गोष्टी एकत्र मागतात: ठरावीक शाखेची पदवी किंवा पदविका, कारखान्यात पर्यवेक्षक म्हणून काही वर्षांचा अनुभव, आणि राज्य सरकारने मान्य केलेली औद्योगिक सुरक्षेची पदवी किंवा पदविका. बहुसंख्य कामगार जी भाषा बोलतात ती येणं हीसुद्धा एक अट असते, आणि तिच्याकडे लोक साफ दुर्लक्ष करतात. फी भरण्याआधी संस्थेकडून मान्यतेच्या आदेशाची प्रत मागा. 'सरकारमान्य' असा नुसता फलक म्हणजे मान्यता नव्हे.

८. हे प्रशिक्षण पूर्ण ऑनलाइन घेतलं तर चालेल ना? मुलांचा वेळ वाचतो.

कायदा, हक्क, धोक्यांची ओळख, लेबलांचा अर्थ एवढं चालेल. पुढे गाडी अडते.

हार्नेसचं, म्हणजे उंचीवर काम करताना पडू नये म्हणून अंगावर बांधायच्या पट्ट्यांचं बघा. व्हिडिओ पाहून परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवलेल्या मुलांना मी हार्नेस घालायला लावतो. निम्म्यांचे मांडीचे पट्टे ढिले असतात आणि छातीचा पट्टा गळ्याजवळ आलेला असतो. एखाद्याच्या पट्ट्याला पीळ पडलेला असतो. मग एकेकाला जमिनीपासून वीतभर उंचीवर लटकवतो. दहाव्या सेकंदाला चेहरा बदलतो आणि मांडीचा पट्टा कुठे बसला पाहिजे हे जन्मभर लक्षात राहतं. अग्निशामकाचंही तसंच. हातातलं छोटं सिलिंडर किती वेळ चालेल असं विचारलं तर मुलं दोन मिनिटं, पाच मिनिटं म्हणतात. प्रत्यक्षात ते काही सेकंदांत रिकामं होतं. ते एकदा स्वतःच्या हातात संपलं की 'आधी बाहेरची वाट पाठीशी ठेवा' हे वेगळं सांगावं लागत नाही.

वेळ वाचवायचाच असेल तर वर्गातली पाठांतरं ऑनलाइन टाका आणि वाचलेले तास प्रात्यक्षिकाला द्या.

९. कामगार पाच भाषांचे आहेत. कोर्स कुठल्या भाषेत ठेवायचा?

कामाचे हुकूम ज्या भाषेत सुटतात त्या भाषेत. ओशाने २०१० मध्ये हे लेखी धोरणच केलं: कामगाराला समजेल अशा भाषेत आणि त्याला झेपतील अशा शब्दांत शिकवलं नसेल तर प्रशिक्षण झालं असं धरलं जाणार नाही. त्यातला शब्दांचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. मराठी माणसालाच 'यंत्र निष्क्रिय करून ऊर्जास्रोत विलग करा' असं छापून दिलं तर तो कागदाची घडी घालून खिशात ठेवेल. 'मेन बंद कर, तुझं कुलूप लाव, किल्ली तुझ्या खिशात, मग बटण दाबून बघ सुरू होतंय का' हे त्याला कळतं. ज्यांना वाचता येत नाही त्यांची परीक्षा तोंडी आणि हाताने घ्या. सहीचा अंगठा म्हणजे समजल्याचा पुरावा नाही.

१०. खरं सांगा, प्रशिक्षणाने अपघात कमी होतात का?

एकट्या प्रशिक्षणाने होतात, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. प्रशिक्षण विकणाऱ्या माणसाने हे सांगणं विचित्र वाटेल, पण अभ्यास तसं म्हणतात. टोरांटोच्या त्याच संस्थेने अमेरिकेच्या 'नायोश' या संशोधन संस्थेबरोबर अनेक प्रयोग एकत्र तपासून २०१० मध्ये अहवाल दिला. प्रशिक्षणामुळे कामगारांचं वागणं सुधारतं याला भक्कम पुरावा मिळाला. दुखापती आणि आजार कमी होतात असं म्हणायला मात्र पुरेसा पुरावा मिळाला नाही.

कारण समजायला एक प्रेस बघा. विद्यार्थ्यांना घेऊन एका कारखान्यात गेलो होतो. पत्रा दाबणारा पॉवर प्रेस, दोन बटणांचा. डावा आणि उजवा तळवा एकाच वेळी दाबला तरच रॅम (वरचा दाबणारा भाग) खाली येणार, म्हणजे दोन्ही हात डायच्या (साच्याच्या) बाहेर असणार. कल्पना उत्तम. पण डाव्या बटणावर पुठ्ठ्याची घडी होती आणि वरून काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. डावा हात मोकळा, तो पत्रा सरकवतोय. चालवणारा मुलगा आमच्याकडेच शिकलेला! मला बघून ओशाळला आणि म्हणाला, "सर, दोन्ही हातांनी केलं तर टार्गेट होत नाही."

त्याला पुन्हा वर्गात बसवून काय शिकवणार? नियम त्याला पाठ होता. तिथे हवी होती दर स्ट्रोकनंतर दोन्ही बटणं सुटल्याशिवाय पुढचा स्ट्रोक देणार नाही अशी कंट्रोल सर्किट, आणि दोन हातांनी पूर्ण होईल एवढंच टार्गेट. सुरक्षेच्या कामात उपायांची उतरंड असते: धोकाच काढून टाका, नाही जमलं तर कमी धोक्याची वस्तू किंवा पद्धत आणा, मग गार्ड आणि इंटरलॉक (गार्ड उघडा असेल तर यंत्र चालू न देणारी सोय), मग नियम आणि प्रशिक्षण, सर्वांत शेवटी हातमोजे-हेल्मेट. प्रशिक्षण खालून दुसऱ्या पायरीवर आहे. भागीदारीतून फक्त वर्ग भरत असतील आणि यंत्रांकडे कोणी बघत नसेल, तर कॉलेजच्या अहवालातला 'प्रशिक्षितांचा' आकडा फुगतो आणि पुठ्ठ्याची घडी जागेवर राहते. म्हणून अभ्यासक्रमात सुपरवायझर आणि मालकांसाठी वेगळा वर्ग असावा, असा माझा आग्रह असतो. टार्गेट तेच ठरवतात.

११. आमचा कारखाना छोटा आहे. कॉलेजच्या तज्ज्ञांना बोलावलं तर ते निरीक्षकाला कळवतील का?

अमेरिकेत छोट्या उद्योगांसाठी मोफत सल्ला-सेवा आहे. ती राज्यांच्या यंत्रणा किंवा विद्यापीठं चालवतात. जॉर्जिया राज्यात ती जॉर्जिया टेककडे आहे. दंड करणाऱ्या विभागापासून ती मुद्दाम वेगळी ठेवली आहे, त्यामुळे नोटीस निघत नाही. बदल्यात मालकाने एक कबूल करायचं: सापडलेले गंभीर धोके ठरलेल्या मुदतीत दूर करायचे. ते केलेच नाहीत तर प्रकरण पुढे जातं.

जिथे अशी कायदेशीर भिंत नाही, तिथे कॉलेजच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका. गोपनीयतेचं कलम लेखी घ्या, आणि त्याला कुठल्या मर्यादा आहेत तेही त्यात लिहा (प्रश्न १६).

१२. कंत्राटी कामगारांना कोणी शिकवायचं, ठेकेदाराने की कारखान्याने?

दोघांनी. व्यवहारात चालणारी वाटणी अशी: सगळीकडे लागू होणारं सर्वसाधारण प्रशिक्षण ठेकेदाराने, त्या जागेचं आणि त्या यंत्राचं कारखान्याने. तात्पुरत्या कामगारांबाबत ओशाची भूमिकाही संयुक्त जबाबदारीचीच आहे. कॉलेज यातला पहिला भाग उचलू शकतं. अडचण अशी की ठेकेदाराची माणसं दर महिन्याला बदलतात. एकदा मोठा वर्ग घेण्यापेक्षा दर आठवड्याला छोटी बॅच ठेवलेली बरी.

१३. आमचे विद्यार्थी कामगार थोडेच आहेत! त्यांना हे कायदे लागू होतात का?

कॉलेजं सर्वांत जास्त गाफील असतात ती इथे.

डिसेंबर २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात हवेशी संपर्क येताच पेट घेणारं रसायन हाताळताना आग लागली आणि एक तरुण संशोधन सहायक काही दिवसांनी दगावली. ती पगारी कर्मचारी होती, म्हणून राज्याच्या कामगार-सुरक्षा यंत्रणेला कारवाई करता आली. जानेवारी २०१० मध्ये टेक्सास टेक विद्यापीठात स्फोट होऊन एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन बोटं गमावली. त्याच्या चौकशीत केंद्रीय रासायनिक सुरक्षा मंडळाने कायद्यातल्या फटीवर बोट ठेवलं: प्रयोगशाळांसाठीचा ओशाचा नियम कर्मचाऱ्यांना आहे. तेच बाक, तेच रसायन, पण पगार न घेणारा विद्यार्थी त्या नियमाच्या बाहेर.

ब्रिटनने ही फट १९९० च्या नियमांनी बरीच बुजवली. कामाच्या अनुभवासाठी गेलेल्या प्रशिक्षणार्थीला सुरक्षेच्या कायद्यापुरतं ती जागा पुरवणाऱ्याचा कर्मचारी मानतात. भारतात १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली नोंद झालेल्यांना कारखान्यातल्या आरोग्य-सुरक्षेच्या तरतुदी कामगारांसारख्याच लागू आहेत, आणि कामावर इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर आहे. पण नोंद झाली असेल तर. 'इंटर्नशिप' या गोड नावाखाली तोंडी पाठवलेल्या मुलाच्या हातात काही नसतं. लेखी कागद नसेल तर मुलांना पाठवू नका, मग कंपनी कितीही मोठी असो.

१४. करार करण्याआधी कॉलेजने स्वतः काय तयारी करावी?

आपल्याच वर्कशॉपमधून एक चक्कर मारा, अधिकारी येण्याच्या आधल्या दिवशी नाही, एखाद्या साध्या मंगळवारी. लेथच्या चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या भागात) तो आवळायची किल्ली तशीच अडकलेली आहे का? मशीन सुरू झालं की ती गोळीसारखी उडते. हात काढला की स्प्रिंगने आपोआप बाहेर येणारी किल्ली मिळते, फार महाग नसते. ग्राइंडरचा टूल-रेस्ट (जॉब टेकवायचा आधार) चाकापासून किती लांब गेला आहे? रसायनांच्या माहितीची पानं कुलूपबंद कपाटात आहेत आणि किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे?

आमचीही फजिती झाली आहे. सह्यांच्या दिवशी एक पाहुणे सहज अग्निशामकापाशी थांबले. दाबाचा काटा लाल पट्ट्यात, म्हणजे दाब ठीक नाही. फोटोत आम्ही सगळे हसतोय, ते पाहुणे सोडून.

१५. करारात काय काय लिहावं?

हेतूचं सुंदर गद्य एका परिच्छेदात आटपा. खाली तपशील हवेत: कोणाचे प्रशिक्षक, त्यांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव किती, उपकरणं कोणाची, सरावात इजा झाली तर विमा कोणाचा, प्रमाणपत्रावर नेमके कुठले शब्द छापायचे, सरकारी चिन्ह वापरायला परवानगी आहे का (गृहीत धरू नका), मुदत किती आणि मधेच सोडायचं कसं. ओशाचे करार मुदतीचे असतात आणि मुदत संपताना काय काम झालं ते बघतात, ही पद्धत घेण्यासारखी आहे.

मोजायचं काय, हे आधीच ठरवा. किती जण बसले हा आकडा सोपा म्हणून सगळे तोच लिहितात. तीन महिन्यांनी कामाच्या जागी जाऊन किती जण शिकवल्याप्रमाणे कुलूप लावतात, थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांची नोंद होऊ लागली का, हे मोजणं कष्टाचं आहे. एक गंमत आहे: चांगलं प्रशिक्षण झाल्यावर अशा नोंदी आधी *वाढतात*, कारण लोक बोलायला लागतात. अधिकाऱ्यांना ही कल्पना आधी दिलेली बरी, नाहीतर आलेख बघून करारच गुंडाळतील.

१६. भेटीच्या वेळी आम्हाला जीवघेणा धोका दिसला तर? कारखाना भागीदार आहे, तक्रार कशी करायची?

मनात सर्वांत जास्त घोळणारा प्रश्न हाच, आणि विचारतात सर्वांत शेवटी, फोन ठेवता ठेवता.

क्रम असा ठेवा. आधी विद्यार्थ्यांना तिथून बाजूला घ्या. मग शिफ्टच्या जबाबदार माणसाला तिथल्या तिथे सांगा आणि काम थांबवायला सांगा. त्याच दिवशी लेखी कळवा: जागा, वेळ, काय दिसलं, बस्स. आपले निष्कर्ष आणि उपदेश त्यात घालू नका. बहुतेक ठिकाणी एवढ्यावर काम होतं, कारण कागद आला की वरची माणसं जागी होतात.

नाहीच झालं, आणि धोका तत्काळ जीवावर बेतणारा असेल, तर गोपनीयतेचं कलम आड येऊ देऊ नका. अमेरिकेच्या सल्ला-सेवेतही ही मर्यादा आहे: तत्काळ धोका दूर केला नाही तर सल्लागार ती बाब अंमलबजावणी विभागाकडे पाठवतो. तुमच्या करारात तेवढं एक वाक्य सुरुवातीलाच घालून ठेवा. आम्ही ते घालायला लागलो तेव्हा दोन कारखान्यांनी सही करायला नकार दिला. त्यांच्याकडे आम्ही मुलं पाठवत नाही.